व्हिट्बीच्या १९९ पायऱ्या

इंग्लंडास जावें, लंडन पाहावें, ऑक्सफर्ड पाहावें, फार तर स्कॉटलंडांतील सरोवरांवर दोन दिवस घालवावे आणि परत यावें, असा आपल्याकडील प्रवाशांचा सामान्य शिरस्ता आहे. यॉर्कशायरच्या पूर्व किनाऱ्यावर व्हिट्बी नांवाचें एक कोळ्यांचें गांव आहे; तेथें मुद्दाम वाट वाकडी करून जाणारा मराठी माणूस विरळा. आम्हीही गेलों नसतों. पण गेल्या वर्षीं आमच्या घरांत एक फोटो येऊन पडला, आणि त्याच्यापायीं आम्हांस त्या गांवच्या १९९ पायऱ्या चढाव्या लागल्या.

फोटो आमच्या पुतणीचा. आमच्या थोरल्या बंधूंची ही धाकटी कन्या दोन वर्षांपासून लीड्स येथें शिकत आहे. मुलगी हुशार, घरीं असतांना गणपतींत सगळ्या आरत्या पाठ म्हणणारी, चारचौघांत खालच्या मानेनें वावरणारी. त्या फोटोंत तिनें पायघोळ काळा झगा घातला होता, ओठ काळे रंगविले होते, डोळ्यांभोंवतीं काजळाचें बोटभर जाड कडें काढलें होतें, आणि मागें एका मोडक्या मठाच्या कमानी दिसत होत्या. खालीं तिनें लिहिलें होतें, 'आमची जत्रा'. काळें वस्त्र आमच्या घरांत संक्रांतीपुरतें बाहेर निघतें. वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला. दादांनीं फोटो पाहिला, चष्मा काढून ठेवला, आणि तेव्हांपासून दोन महिने ते मुलीशीं एक अक्षर बोलले नाहींत. तिचा फोन आला कीं तो वहिनींच्या हातीं देऊन ते गॅलरींत जाऊन उभे राहत.

आमचें व आमच्या सौभाग्यवतींचें विलायतेस जाणें आधींच ठरलेलें होतें. दादा म्हणाले, "तूं जातोच आहेस, तर ही काय जत्रा आहे ती डोळ्यांनीं पाहून ये आणि मला खरें काय तें लिही." हें ऐकून आमच्या आत्याबाईही निघाल्या. त्यांचें वय ७८, गुडघे कुरकुरतात, पण "भुताखेतांचें काम आहे, तुम्हां शहरांत वाढलेल्यांना त्यांतलें काय कळणार?" असें म्हणून त्यांनीं आपली बॅग भरली. त्या बॅगेंत त्यांनीं काय काय भरलें होतें तें आम्हांस व्हिट्बीस पोंचल्यावर कळलें.

लीड्सहून व्हिट्बीस मोटारबस जाते. यॉर्क, माल्टन, पिकरिंग हीं गांवें मागें पडलीं कीं गाडी एका उजाड पठारावर चढते. त्याला तिकडे 'मूर' म्हणतात. मैलोगणती झाड नाहीं, घर नाहीं. गुडघाभर उंचीचें हेदर नांवाचें झुडूप आणि त्यांत चरणाऱ्या मेंढ्या. ऑगस्टांत हें सारें रान जांभळ्या फुलांनीं भरून जातें म्हणतात. आम्ही गेलों तेव्हां ऑक्टोबरचा शेवट होता आणि फुलें करपून तपकिरी झालीं होतीं. वारा गाडीस ढकलीत होता. आत्याबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, "हा तर आपला सडाच कीं रे! अशा ठिकाणीं माणसाला चकवा लागायचाच." ज्यांनीं राजापुराकडील सडे पावसाळा सरतांना पाहिले असतील त्यांना ही उपमा पटेल. मग एकाएकीं पठार संपतें, गाडी उताराला लागते, आणि खालीं करडा समुद्र दिसूं लागतो.

एस्क नांवाची लहानशी नदी येथें समुद्रास मिळते व गांवाचे दोन भाग करते. नदीच्या दोहों बाजूंस दोन कडे. पश्चिमेच्या कड्यावर उतारूंसाठीं बांधलेल्या उंच इमारतींच्या रांगा आहेत. पूर्वेच्या कड्यावर जुनें चर्च, दफनभूमि आणि त्याहून वर मठाचे भग्नावशेष. मधल्या खोबणींत लाल कौलांचीं घरें एकमेकांच्या खांद्यांवर बसल्यासारखीं दाटलेलीं आहेत. पूर्वीं देवमाशांच्या शिकारीवर हें गांव पोसलें. त्याची खूण म्हणून देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान पश्चिम कड्यावर उभी आहे. कॅप्टन कुक दर्यावर्दीपण शिकला तें येथेंच. हेरिंग मासे धुरावर धरून टिकवितात त्याचा वास गल्लीगल्लींत भरलेला असतो. आत्याबाईंनीं नाकाला पदर लावला तो पुढील चार दिवस बहुतेक तसाच होता. बंदराकडून पश्चिम कड्यावर जाणाऱ्या रस्त्याचें नांव तर चक्क 'खैबरखिंड' आहे! आपल्या सरहद्दीवरची खिंड येथें मासळीच्या दुकानांमधून वर जाते हें पाहून आम्हांस मौज वाटली.

ज्या पुस्तकामुळें या गांवीं काळ्या वेषाची जत्रा भरते तें म्हणजे ब्राम स्टोकर याची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी. स्टोकर हा कांहीं व्हिट्बीचा नव्हे. तो १८४७ मध्यें डब्लिन येथें जन्मला, आणि लंडनांतील लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक म्हणून हेन्री आयर्विंग या विख्यात नटाच्या पदरीं त्याचीं सत्तावीस वर्षें गेलीं. आपल्याकडील नाटकमंडळींच्या मॅनेजरांची गत ज्यांना ठाऊक आहे त्यांना या माणसाच्या दिनक्रमाची कल्पना येईल. १८९० च्या उन्हाळ्यांत तो सुटी घेऊन येथें आला व पश्चिम कड्यावर रॉयल क्रेसेंट येथील ६ क्रमांकाच्या घरांत उतरला. डोक्यांत एक रक्तपिपासु सरदार घोळत होता. पण त्याला नांव धड सुचलें नव्हतें. टिपणांत त्यानें 'काउंट वँपिर' असें लिहून ठेवलें होतें, म्हणजे आपण एखाद्या राक्षसाचें नांव 'राक्षसराव' ठेवावें तसें. बंदरावर त्या वेळीं वर्गणीचें एक ग्रंथालय होतें. तेथें विल्यम विल्किन्सन या बुखारेस्टच्या कॉन्सलनें १८२० मध्यें प्रसिद्ध केलेलें वालेशिया-मोल्डेव्हिया प्रांतांवरचें पुस्तक त्याच्या हातीं लागलें. त्यांतील एका तळटीपेंत 'ड्रॅक्युला' हें नांव होतें, व वालेशियन भाषेंत त्याचा अर्थ 'सैतान' असा होतो असें लिहिलें होतें. स्टोकरनें तें उतरून घेतलें. ट्रान्सिल्व्हेनियांत तो आयुष्यांत कधीं गेला नाहीं. त्या प्रांताची सारी माहिती ग्रंथांतूनच गोळा केलेली आहे. आज त्या ग्रंथालयाच्या इमारतींत तळलेले मासे आणि बटाटे मिळतात. आम्ही तेथें बटाटे खाल्ले. बटाटे चांगले होते.

दुसरी देणगी गांवानें दिली ती अपघाताची. २४ ऑक्टोबर १८८५ रोजीं 'दिमित्री' नांवाचें एक रशियन गलबत वादळांत सांपडून पूर्व कड्याखालच्या वाळूवर येऊन आदळलें. तें नार्व्हा बंदरांतून रुपेरी वाळू भरून निघालेलें होतें. स्टोकर आला तेव्हां या गोष्टीस पांच वर्षें होऊन गेलीं होतीं. पण तटरक्षकाकडून त्यानें नोंदवहींतील मजकूर मिळविला, आणि कादंबरींत नार्व्ह्याचें वार्ना झालें, 'दिमित्री'चें 'दिमिटर' झालें. त्या गलबतावर एकही खलाशी जिवंत नसतो; मेलेला कप्तान सुकाणूच्या चाकाशीं स्वतःला बांधून घेतलेला, हातांत क्रूस; आणि गलबत वाळूला लागतांच एक प्रचंड काळें कुत्रें उडी मारून त्या पायऱ्यांकडे धांवत सुटतें. सगळ्या कादंबरींत ही व्हिट्बीची प्रकरणें आम्हांस सर्वांत सरस वाटतात. पुढें लंडनास गेल्यावर शिकारी फार बोलतात आणि सरदार फार थोडा दिसतो.

कादंबरी २६ मे १८९७ रोजीं प्रसिद्ध झाली. लेखकास तिच्यापासून संपत्ति मिळाली नाहीं. तो १९१२ मध्यें वारला. दहा वर्षांनीं जर्मनींत एका मंडळीनें परवानगी न घेतां, नांवें बदलून, 'नोस्फेराटू' हा मूकपट काढला. स्टोकरच्या विधवेनें खटला केला व सर्व प्रती जाळून टाकण्याचा हुकूम मिळविला. तरी कांहीं प्रती कोठें कोठें दडून राहिल्याच, आणि आज तो मूकपट जगभर दाखवितात. पिशाचाला मारूं म्हणून तें मरत नाहीं याचा हा कोर्टांतला दाखला.

आतां यांत आपला काय संबंध, असें वाचक विचारतील. थोडा आहे. 'वेताळपंचविशी'च्या गोष्टी इंग्रजींत आणणारे रिचर्ड बर्टन यांनीं १८७० मध्यें आपल्या पुस्तकास 'विक्रम आणि वँपायर' असें नांव दिलें. हे बर्टनसाहेब पुढें आयर्विंगकडे मेजवानीस येत. स्टोकरनें त्यांना जवळून पाहिलें, आणि बोलतांना ओठाआडून दिसणाऱ्या त्यांच्या सुळ्याचें वर्णनही करून ठेवलें आहे. पण वेताळाला वँपायर म्हणणें हा आमच्या मतें वेताळावर अन्याय आहे. आपला वेताळ प्रेतांत शिरतो हें खरें. परंतु तो रक्त पीत नाहीं, कोडीं घालतो, न्याय विचारतो. कोंकणांत तो गांवची राखण करतो. गोव्यांत लोलयें येथें त्याची प्राचीन पाषाणमूर्ति आहे व लोक तिला नवस बोलतात. स्टोकरच्या सरदाराला नवस बोलण्यास कोण जाईल?

दुसरा संबंध आमच्या घरांतलाच निघाला. पुतणीस विचारलें, "बाळ, तुला हें वेड लागलें कोठून?" ती म्हणाली, "काका, बाबांच्या कपाटांतून." दादांच्या कपाटांत, वरच्या फळीवर, वर्तमानपत्राचें वेष्टन घातलेली नारायण धारपांची 'लुचाई' होती. आठवी-नववींत असतांना ती तिनें चोरून वाचली. 'लुचाई' ही स्टीफन किंग याच्या १९७५ सालच्या 'सालेम्स लॉट' या कादंबरीवर बेतलेली. आणि किंगला ती सुचली ती ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेंत आला तर काय होईल, या विचारांतून. म्हणजे व्हिट्बीच्या वाळूवर उतरलेलें तें काळें कुत्रें अमेरिकेंतील मेन प्रांत हिंडून आमच्या दादांच्या कपाटांत येऊन बसलें होतें. आणि दादांनीं तें पुस्तक घेतलें कशाला? आम्हांस चांगलें आठवतें. मॅट्रिकच्या सुटींत, पांघरुणांत बॅटरी लावून, आम्ही दोघेही भाऊ धारप वाचीत होतों. एकदां मध्यरात्रीं मांजर पत्र्यावरून उडालें तेव्हां दादा आमच्या अंथरुणांत येऊन निजले होते. ही गोष्ट येथें लिहिल्याबद्दल ते रागावणार आहेत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतणी आम्हांस पूर्व कड्यावर नेण्यास आली. ती नटून आली होती, आणि तिच्याकडे पाहून आमच्या सौभाग्यवती चकित झाल्या. झगा नव्हता, अंगावर काळी चंद्रकळा होती, आमच्या दिवंगत मातोश्रींची. तिनें आत्याबाईंना परस्पर फोन करून ती मागितली होती आणि आत्याबाईंनीं कोणासही न सांगतां ती बॅगेंत घालून आणली होती. वर काळा लोकरी कोट, पायांत जाड बूट, डोळ्यांत तेंच भरमसाट काजळ. "काळीच नेसायची तर धड तरी नेस म्हटलें," असें आत्याबाई आमच्याकडे न पाहतां म्हणाल्या.

त्या १९९ पायऱ्या चढण्यास आम्हांस पाऊण तास लागला. वाटेंत ठिकठिकाणीं बसण्यास फळ्या टाकलेल्या आहेत. त्या थकलेल्या प्रवाशांसाठीं असाव्यात असें आम्हांस वाटलें. पण त्या पूर्वीं शवपेटी टेकण्यासाठीं होत्या. खांदेकरी एवढी चढण एका दमांत चढूं शकत नसत. हें समजल्यावर सौभाग्यवती तेथून लगबगीनें उठल्या. आत्याबाई मात्र बसून राहिल्या. "मढें टेकल्यानें फळी विटाळत नाहीं," असा त्यांनीं निकाल दिला. सोवळ्याच्या बाबतींत त्यांचे निकाल गुडघ्यांच्या कलानें बदलतात, हें आम्ही पूर्वींपासून पाहत आलों आहों.

वर सेंट मेरीचें चर्च आहे. तें बाराव्या शतकापासूनचें. आंत गलबतें बांधणाऱ्या सुतारांनीं केलेलें लांकूडकाम असल्यामुळें जहाजाच्या पोटांत शिरल्यासारखें वाटतें. ड्रॅक्युलाचें थडगें कोठें आहे असें कृपा करून विचारूं नये, तसें थडगें येथें नाहीं, अशा अर्थाची पाटी त्या चर्चमध्यें लावलेली असे. एका कल्पित माणसाच्या अस्तित्वाचा एवढा गंभीर इनकार आम्हीं दुसरीकडे ऐकलेला नाहीं. बाहेर समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानें थडग्यांवरचीं अक्षरें पुसून गेलीं आहेत, दगडांना मधमाशांच्या पोळ्यासारखीं छिद्रें पडलीं आहेत. कादंबरींतील एक म्हातारा खलाशी म्हणतो कीं हे दगड खोटें बोलतात, खालीं कोणी पुरलेलेंच नाहीं, माणसें तर समुद्रांत गेलीं. त्या म्हाताऱ्याचें आडनांवही स्टोकरनें येथल्याच एका थडग्यावरून घेतलें. कडा वर्षानुवर्षें ढांसळत आहे. २०१२-१३ च्या हिंवाळ्यांत अतिवृष्टीनें दरड कोसळली तेव्हां खालच्या गल्लींत माणसांचीं हाडें येऊन पडलीं होतीं.

त्याहून वर मठ. हिल्डा नांवाच्या साध्वीनें ६५७ मध्यें येथें मठ स्थापन केला, आणि ६६४ मध्यें येथेंच धर्मसभा भरून इंग्लंडांत ईस्टरचा सण कोणत्या गणितानें पाळावा याचा निर्णय झाला. सणाच्या तिथीवरून दोन पंचांगांत वाद होणें आम्हांस नवें नाहीं! सध्यांच्या कमानी त्यानंतरच्या. आठव्या हेन्रीच्या अमलांत १५३९ मध्यें मठ बंद झाला, आणि १९१४ च्या डिसेंबरांत जर्मन जहाजांच्या तोफांनीं उरल्यासुरल्या भिंतींसही धक्का दिला. या हिल्डेविषयीं अशी कथा आहे कीं तिनें गांवांतले सारे साप दगड करून टाकले. ते दगड किनाऱ्यावर अजून सांपडतात. दुकानांत एक पाहिला मात्र, आत्याबाईंनीं तो हातांत घेऊन कपाळाला लावला. तो शाळिग्राम होता. म्हणजे जात तीच; गंडकीच्या पात्रांत आपल्याला जो मिळतो तोही प्राचीन शंखधारी जलचराचाच अश्मीभूत अवशेष आहे. येथले व्यापारी पूर्वीं त्या दगडाला सापाचें डोकें कोरून विकीत. एकच वस्तु, एका ठिकाणीं ती देव झाली, दुसऱ्या ठिकाणीं शाप.

दुकानांतला दुसरा जिन्नस जेट. सुमारें १८ कोटी वर्षांपूर्वींच्या झाडांचें लांकूड दबून झालेला हा काळाभोर, हलका, चकाकणारा पदार्थ. १८६१ मध्यें प्रिन्स अल्बर्ट वारल्यावर व्हिक्टोरिया राणीनें सुतकांत जेटचे दागिने घातले आणि साऱ्या देशानें तिचें अनुकरण केलें. त्यावर व्हिट्बीचे शेंकडों कारागीर पोसले. आमच्या सौभाग्यवतींनीं मणी पाहून लगेच विचारलें, "मंगळसूत्रांत ओवण्यास घेऊं का?" दुकानदारीणबाई म्हणाल्या, हे वैधव्याचे मणी म्हणून प्रसिद्ध आहेत. पुतणीनें त्यांस समजावून सांगितलें कीं आमच्याकडे काळे मणी सौभाग्याचे असतात. बाई विचारांत पडल्या. मणी घेतले.

आतां जत्रेविषयीं. १९९४ मध्यें पत्रांतून एकमेकांशीं ओळख झालेले सुमारें चाळीस जण येथल्या एका पानगृहांत जमले. गॉथ म्हणविणाऱ्या, उदास संगीताची व भयकथांची आवड असणाऱ्या मंडळींचा हा पहिला मेळावा. आपापल्या गांवीं हे एकटे असत; येथें येऊन त्यांना आपल्यासारखे चाळीस दिसले. पुढें मेळावा वर्षांतून दोनदां भरूं लागला व हजारों माणसें येऊं लागलीं. २६ मे २०२२ रोजीं, कादंबरीस १२५ वर्षें झालीं त्या दिवशीं, मठाच्या आवारांत वँपायरच्या वेषांत १,३६९ माणसें मोजलीं गेलीं व तो जागतिक विक्रम ठरला. आम्हीं पाहिले त्यांत शवपेटीच्या आकाराच्या पिशव्या घेतलेल्या बाया होत्या, उंच टोप्या घातलेले गृहस्थ होते, बाबागाडींत वटवाघळाचे पंख लावलेलें एक मूल निवांत झोंपलें होतें. एक पांढऱ्या दाढीचे सरदार, तोंडांत खोटे सुळे, आत्याबाईंना पाहून बाजूला झाले आणि त्यांनीं आपला हात पुढें केला. शेवटच्या वीस पायऱ्या आत्याबाई त्यांच्या हाताला धरून उतरल्या. हे निवृत्त शाळामास्तर होते. सर्वच गोड होतें असें नाहीं. केवळ फोटो काढण्यासाठीं येणारे उपटसुंभही पुष्कळ. ते थडग्यांवर चढून बसतात, आणि ज्यांचे पूर्वज त्या थडग्यांखालीं आहेत अशा गांवकऱ्यांना तें रुचत नाहीं. गांवकऱ्यांचें आम्हांस पटतें. खऱ्या हौशी मंडळींसही तें रुचत नाहीं असें पुतणीनें सांगितलें.

तिसऱ्या दिवशीं तिनें आम्हांस पश्चिम कड्यावर फिरावयास नेलें. तेथून नदीपलीकडचें चर्च आणि मठ समोर दिसतात. स्टोकरच्या स्मरणार्थ १९८० मध्यें बसविलेलें एक बांक त्या बाजूस आहे, आणि आम्हांस तेंच दाखविणार असें वाटलें होतें. पण ती दुसऱ्या एका बांकाशीं थांबली. त्याला कोणीतरी काळ्या फिती व फुलें बांधलीं होतीं. तें सोफी लँकेस्टर या मुलीच्या स्मरणार्थ आहे.

सोफी लँकेशायरमधील बेकप गांवीं राहत होती, वय २०. ११ ऑगस्ट २००७ च्या रात्रीं ती व तिचा मित्र एका बागेंतून चालले असतां कांहीं पोरांनीं त्यांना गांठलें. दोघांचाही वेष असाच, काळा. आधीं त्यांनीं मित्राला लाथांनीं तुडविलें. तो निपचित पडला तेव्हां सोफीनें त्याचें डोकें मांडीवर घेतलें आणि सोडा म्हणून विनवूं लागली. मग त्यांनीं तिला तुडविलें. मित्र वांचला. सोफी तेरा दिवसांनीं गेली. मारणाऱ्यांपैकीं दोघांस २००८ मध्यें जन्मठेप झाली, आणि हा हल्ला केवळ त्यांच्या निराळ्या दिसण्यामुळें झाला, असें न्यायाधीशांनीं निकालांत सांगितलें. तिच्या आईनें एक संस्था काढली व शाळाशाळांतून हिंडून मुलांना ही हकीकत सांगितली. २०२२ मध्यें ती वारेपर्यंत तिनें हें व्रत चालविलें. २०१३ पासून मँचेस्टरच्या पोलिसांनीं असल्या हल्ल्यांची वंशद्वेषाच्या गुन्ह्यांप्रमाणें वेगळी नोंद करण्यास आरंभ केला.

पुतणीनें हें सारें सरळ स्वरांत सांगितलें. सौभाग्यवतींनीं तिचा हात धरला होता. "आणि तुला कधीं कोणीं कांहीं केलें का?" त्यांनीं विचारलें. ती थोडा वेळ समुद्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काकू, गेल्या वर्षीं एका रात्रीं मोटारींतून कोणीतरी बाटली फेकली. लागली नाहीं. पण ती माझ्या कपड्यांमुळें फेकली कीं माझ्या रंगामुळें, तें मला अजून कळलेलें नाहीं. आईला सांगूं नका." मग तिनें आणखी एक गोष्ट सांगितली. बाटली फेकली त्या रात्रीं तिला घरापर्यंत पोंचविण्यास जे आले, आणि पुढें महिनाभर आळीपाळीनें येत राहिले, ते याच मेळाव्यांतले लोक होते. ज्या फोटोवरून आमच्या घरांत एवढें रामायण झालें त्यांत तिच्या शेजारीं उभे असलेले.

आम्हांस त्या क्षणीं दादांची आठवण झाली. आणि खरें सांगावयाचें तर आमची स्वतःचीही, कारण फोटो पाहून आम्हींही तोंड वांकडें केलें होतें. सोफीच्या बांकानें आमची काळजी कमी झाली नाहीं, उलट वाढली. मुलगी बिघडली ही भीति गेली. मुलीला कोणी इजा करील ही भीति तिच्या जागीं आली, आणि ही दुसरी खरी होती. कादंबरींतला सरदार परदेशांतून येतो, इंग्रजी इतकें घोटून शिकतो कीं कोणास ओळखूं येऊं नये, आणि आपल्या मातीच्या पन्नास पेट्या बरोबर आणतो. त्या मातीवांचून त्याला झोंप येत नाहीं. हें वाचतांना पूर्वीं आम्हांस त्याची भीति वाटे. आतां पुतणीच्या खोलींतले गोडा मसाल्याचे डबे, मेतकुटाच्या बरण्या व आजीची चंद्रकळा आठवून त्या पेट्यांची थोडी कींव आली.

त्या रात्रीं आमच्या उतारघराच्या बैठकींत पुतणीचे आठ-दहा स्नेही जमले. बाहेर वारा घोंघावत होता. कोणीतरी आत्याबाईंना म्हणालें, तुमच्याकडची एक गोष्ट सांगा. आत्याबाईंनीं आढेवेढे घेतले नाहींत. त्यांनीं मुंज्याची गोष्ट सांगितली: मुंज होऊन सोडमुंज होण्यापूर्वीं मेलेला मुलगा, विहिरीवरचा पिंपळ, आणि तिन्हीसांजेला घागर घेऊन गेलेली नवी सून. आत्याबाई एक वाक्य बोलत, पुतणी तें इंग्रजींत सांगे, पण शेवटीं शेवटीं ती सांगण्याच्या आधींच समोरच्यांचे चेहरे बदलूं लागले. मुंज्या झाडावरून खालीं उतरला तेव्हां सुळे लावलेले ते शाळामास्तर खुर्चींत मागें सरकले. गोष्ट संपल्यावर कोणी बोलेना. मग एका मुलीनें विचारलें, "त्या मुलाला कोणी सोडविलें कीं नाहीं?" आत्याबाई म्हणाल्या, "नाहीं गं. तो अजून तिथेंच आहे. लहान आहे, त्याला खेळायला कोणीतरी लागतें."

रात्रीं उशिरां आम्हीं दादांस लिहिलें. कपड्यांविषयीं एकच ओळ लिहिली, कीं चंद्रकळा आईची आहे आणि मुलीला शोभते. बाकी सारें त्या बांकाविषयीं लिहिलें. बाटलीची गोष्ट लिहावी कीं न लिहावी यावर आमचा व सौभाग्यवतींचा बराच वाद झाला. वहिनींस सांगूं नये एवढेंच वचन मागितलें होतें, असा अर्थ काढून शेवटीं लिहिली. पुस्तकाचें वेष्टन फाटलें आहे, नवें घालावें, असेंही खालीं लिहिलें.

सकाळीं उत्तर आलें होतें. दोनच ओळी. रात्रीं परततांना ती एकटी नसते ना, हें तिला विचार. आणि तुला जमत नसेल तर फोन तिच्याजवळ दे, मीच विचारतों. आम्ही खालीं गेलों. पुतणी खिडकीशीं बसून आत्याबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळीत होती. आम्हीं नंबर लावला आणि फोन तिच्या हातीं दिला.